पिंप आंबलं नाही, सडलं

झाकण उघडल्यावर आंबूस वास यायला हवा होता, आला अमोनियाचा. पिंपात कोळंबीची टरफलं होती. त्यांतून कायटिन, म्हणजे टरफलाला बळकटी देणारा तंतुमय पदार्थ, काढायचं होतं.

रुळलेल्या पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट आणि गरम कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढतात. कायटिन मिळतं, पण सांडपाणी भयंकर आणि प्रथिनं वाया. आंबवलं तर लॅक्टोबॅसिलस जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, त्यात कार्बोनेट विरघळतं. टरफलातली विकरं प्रथिनं सुटी करतात आणि तो द्रव पशुखाद्याला चालतो. म्हणूनच हा मार्ग मला मोलाचा वाटतो.

आमची कृती ठरलेली होती: दळलेली ओली टरफलं, वजनाच्या 10 टक्के ग्लुकोज, 10 टक्के या जिवाणूंचं ताजं विरजण, तापमान 30 अंश सेल्सिअस. पिंपाचा वरचा भाग रिकामा ठेवायचा, कारण कार्बन डायऑक्साइडचा फेस चढतो. सामू (pH) दिवसभरात 5 च्या खाली यायला हवा. इथे तो 6 च्या वरच अडकला आणि मग चढू लागला.

पहिला संशय विरजणावर गेला. ते साध्या ग्लुकोजच्या द्रावणात वाढवून पाहिलं, तर जोमदार. मग पिंपातली साखर मोजली. ती संपत आली होती. म्हणजे आम्ल तयार झालं होतं, पण टिकलं नव्हतं.

उत्तर राखेत सापडलं. वाळवलेला नमुना 550 अंशांवर जाळला, तर निम्म्याहून जास्त राख उरली. त्या खेपेत खेकड्याची कवचं मिसळलेली होती, आणि त्यांत खनिज कोळंबीपेक्षा बरंच जास्त असतं.

हिशेब सरळ आहे. 1 किलो कॅल्शियम कार्बोनेटला 1.8 किलो लॅक्टिक आम्ल लागतं आणि ग्लुकोजपासून फार तर तितक्याच वजनाचं आम्ल मिळतं. 100 किलो ओल्या मालात 25 किलो कोरडा भाग आणि त्यात 40 टक्के कार्बोनेट धरलं, तरी 18 किलो ग्लुकोज हवं. म्हणजे 10 किलोत नेहमीच्या मालातलंही सगळं कार्बोनेट निघत नाही. उरलेलं शेवटी सौम्य आम्लाने धुवावं लागतं. खेकडा आला की सामू खाली येण्याआधीच साखर संपते आणि सडवणाऱ्या जिवाणूंना रान मोकळं मिळतं.

महाविद्यालयात जिवाणू ठरीव माध्यमात वाढवायला शिकवतात. कचऱ्यावर काम करायला येणाऱ्याने विरजणाइतकंच लक्ष कच्च्या मालाच्या विश्लेषणावर द्यावं.

सडलेल्या पिंपात आणखी साखर ओतणं व्यर्थ. द्रव पशुखाद्यातून बाद केला, घन भाग आम्ल-सोड्याच्या पद्धतीकडे वळवला. आता साखर तोलण्याआधी प्रत्येक खेपेची राख काढतो. खनिज जास्त निघालं तर सुरुवातीलाच थोडं लॅक्टिक आम्ल घालून सामू उतरवतो आणि ग्लुकोज दोन हप्त्यांत देतो.