आमची वाटचाल : प्लास्टरच्या आधीचं काम

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका गाळ्यात आम्ही टेप आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचो. गिऱ्हाईक सांगायचं, "घरी लावला की घूंऽऽ करतो." दुकानात लावून बघावं तर एकदम शांत. मशीन चांगलं, मग बिघाड घरातच असणार. म्हणून आम्ही घरी जाऊन बघायला लागलो आणि धंद्याची दिशाच बदलली.

पूर्व भागात खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड अशी घरं. एकाच लाइनवर मागाच्या मोटारी आणि अॅम्प्लिफायर. त्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडाठाक. माती वाळली की तिचा विद्युतरोध वाढतो. तिथे अर्थिंग सुधारणं हेच पहिलं काम असायचं, आजही असतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो अर्थच्या लूपमध्ये. अॅम्प्लिफायरला तीन पिनांच्या प्लगमधून एक अर्थ मिळते. टीव्हीतून आवाजाची वायर आली की सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून दुसरी येते. दोन्हींत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी वायरच्या जाळीतून करंट वाहतो आणि स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची घरघर येते. सेट-टॉपची केबल काढल्याबरोबर आवाज थांबला, की रोग सापडला. टीव्ही ते अॅम्प्लिफायर ऑप्टिकल वायर टाकली की लूप तुटतो, कारण तिच्यातून फक्त प्रकाश जातो. काही जण अर्थची पिनच कापून टाकतात. घूं थांबते, पण मशीनच्या बॉडीत करंट उतरला तर जीव जाईल. ते काम आम्ही कुणीही सांगितलं तरी करत नाही.

आवाज घूं असा नसून चिरचिरीत असेल तर आधी पंख्याचा रेग्युलेटर बघतो. ट्रायकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा, रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला १०० वेळा कापतो. त्याच्या जागी कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर बसवला की बहुतेक वेळा भागतं. महागडी वायर घेण्याआधी हा एवढा खर्च करून बघा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

पण घर बांधून झाल्यावर हात बांधलेले असतात. लाइटची आणि आवाजाची वायर एकाच पाइपातून ओढलेली असेल तर भिंत फोडण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून आता जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या नव्या घरांत आम्ही वायरमन झिरी मारायच्या आधी जातो. दोन्हींसाठी वेगळे पाइप, मध्ये साधारण फूटभर अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. समांतर धावणाऱ्या तारांत चुंबकीय क्षेत्राचा त्रास जास्त होतो. स्पीकरच्या वायरला त्याची फारशी फिकीर नाही, तिच्यातला सिग्नल ताकदवान असतो. रेकॉर्ड प्लेअरचा मात्र काही मिलिव्होल्टच. त्याची वायर आखूड ठेवतो आणि इन्व्हर्टरपासून लांब.

सध्या आम्ही तिघं आहोत. घराचा नकाशा हातात आला की टीव्ही, स्पीकर आणि स्विचबोर्ड कुठे येणार हे मालकांसोबत बसून पेन्सिलीने आखतो, मग वायरमनला बोलावून त्याच्याशीही बोलतो. स्लॅब पडल्यावर आणि प्लास्टरच्या आधी कळवलंत, तर हे सगळं एका भेटीत होतं.