700 मीटरवरचं घर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खुल्या कोळसा खाणीलगतच्या गावात सुरुंगांची कंपनं मोजायला गेलो होतो. भिंतींना तडे जातात, ही गावाची तक्रार. सगळ्यात जवळचं घर 520 मीटरवर, तिथे एक सिस्मोग्राफ लावला. दुसरा मी हट्टाने 700 मीटरवरच्या एका कवेलूच्या घराच्या पायाशी पुरला. "जवळ ठीक आलं तर लांब कशाला मोजायचं?" खाणीच्या माणसाने विचारलं. पण जवळचं घर मुरमावर होतं, हे काळ्या मातीवर.

भोंगा झाला तशी घरातली आजी फळीवरचे पितळी डबे खाली उतरवू लागली. "भोंगा वाजला का मी भांडे खालीच ठेवतो, बाबू."

आधी जमीन हलली, आवाज मागून आला. भिंतीतून थोडी माती झरली.

जवळच्या घरी जमीन हलण्याचा कमाल वेग 4.9 मिलिमीटर प्रति सेकंद, वारंवारता, म्हणजे सेकंदाला हेलकावे, 22 हर्ट्झ. आजीकडे 5.3, वारंवारता फक्त 6. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात राहत्या घरांची मर्यादा वारंवारतेनुसार बदलते: 8 ते 25 हर्ट्झला 10, पण 8 च्या खाली 5. म्हणजे जवळचं घर मर्यादेच्या निम्म्यात, आणि लांबचं मर्यादेबाहेर. मऊ मातीचा जाड थर कंपन वाढवतो, त्याची वारंवारता कमी करतो. बुटक्या घरांची स्वतःची डुलण्याची वारंवारताही साधारण याच पट्ट्यात असते, म्हणून घर जमिनीसोबत डोलू लागतं. नुसतं अंतर बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

भिंतीतला तडा सुरुंगानेच पडला, असं मात्र मी लिहिलं नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिनेही भिंती फाटतात. तड्याच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख घातली आणि अहवालात मोजमाप काळ्या मातीवरच्या घरांपाशी व्हावं, असं ठळक लिहिलं.

तेव्हा एका डिलेला, म्हणजे एका क्षणी एकदम फुटणाऱ्या सुरुंगांत, 300 किलो बारूद जात होती. ती 150 वर आणून पुढच्या खेपेला पुन्हा मोजलं. आजीच्या पायरीशी 3.1 आले. मी आकडा सांगायला आत गेलो. डबे जमिनीवरच होते.