जखम आयती मिळाली तरी

भातावरच्या करप्याची बुरशी, मॅग्नापोर्थे ओरायझी, हा माझा रोजचा विषय. तेव्हा आमच्याकडे तिचे दोन म्युटंट चाचणीला होते. एकात मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनवण्याच्या वाटेतलं जनुक निकामी, दुसऱ्यातून पीएमके१ हे जनुकच काढून टाकलेलं. दोघांचे बीजाणू रोपांवर फवारले, पण पानांवर एक ठिपका नाही. आमची एमएस्सीची विद्यार्थिनी वहीत दोघांपुढे शून्य लिहायला निघाली.

"मॅडम, दोन्ही सारखेच."

"थांब गं. आधी पानं टोचून बघू."

करप्याची बुरशी पानात शिरते ती जोर लावून. बीजाणूला कोंब फुटतो, कोंबाच्या टोकाला गोल घुमट तयार होतो, त्याला म्हणायचं ॲप्रेसोरियम. आत ग्लिसरॉल साठतं, मेलॅनिनचा काळा थर ते बाहेर झिरपू देत नाही, आणि दाब चढतो ८ मेगापास्कलपर्यंत. त्या दाबानं एक बारीक खुंटी पानाची साल फोडते. मेलॅनिन नसेल तर दाब नाही, म्हणजे प्रवेश नाही. पण सुईनं भोक आपणच पाडून दिलं तर?

पानांचे तुकडे टोचले, प्रत्येक जखमेवर बीजाणूंचा थेंब ठेवला, काहींवर नुसतं पाणी. ओलसर डबे बंद.

डबे उघडले त्या दिवशी मेलॅनिनवाल्याच्या जखमांभोवती करप्याचे अस्सल ठिपके होते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. पीएमके१वाल्याच्या जखमा आणि नुसत्या पाण्याच्या जखमा मात्र ओळखू येईनात. टोचल्याचा तेवढा तपकिरी व्रण. डब्यांवरच्या खुणा मी पुन्हा पुन्हा पडताळल्या.

हा निकाल नवा नव्हे. शू आणि हेमर या संशोधकांनी १९९६ मध्येच तो छापलाय, आणि मी तो शिकवतेही. पण छापील तक्ता वेगळा आणि उघडं दार मिळूनही आत न वाढणारी बुरशी समोर पाहणं वेगळं. बरं, प्रयोगशाळेत पोषक माध्यमाच्या प्लेटवर हाच म्युटंट इतका धडधाकट वाढतो, बीजाणूही देतो, की त्याचं काही बिघडलंय असं वाटणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तेवढं कळतं: प्लॅस्टिकवर जिथं बाकीच्यांचे घुमट बसतात, तिथं याचा कोंब नुसता भरकटत लांबतो.

"म्हणजे पीएमके१ हे शिरण्याचं जनुक नाहीच?" तिनं विचारलं.

शिरण्याचंही आहे. त्यातून एक काइनेज बनतं, म्हणजे पेशीत निरोप पुढे पोचवणारं प्रथिन. एमएसटी१२सारखी नियामक प्रथिनं तो निरोप घेतात आणि पुढची जनुकं चालू-बंद होतात. एमएसटी१२ काढलं तर घुमट बनतो, पण भेदत नाही. टॅल्बट या संशोधकाच्या गटानं २०१८ मध्ये याहून बारीक काम केलं. बुरशी भाताच्या पेशीत शिरल्यानंतर रसायनानं फक्त पीएमके१ रोखलं, तर ती पहिल्याच पेशीत अडकली, शेजारच्या पेशीत जाईना. झाडाची प्रतिकारशक्ती दाबणारी काही इफेक्टर जनुकंही याच काइनेजच्या ताब्यात निघाली.

वहीत आता दोन रकाने झाले, 'फवारून' आणि 'टोचून'. पुढचं काम किचकट. इफेक्टर जनुकं बहुतेक झाडातच जागी होतात, फ्लास्कमधल्या बुरशीत ती शोधून उपयोग नाही. आणि कुठली जनुकं जागी आहेत हे सांगणारा आरएनए सुरुवातीच्या तासांत पानातून काढला, तर त्यात जवळपास सगळा भाताचाच येतो.