वेस्पा पीएक्सच्या इंजिनाची ताकद वाढवताना

माझ्या वेस्पा पीएक्स १५० चे इंजिन पहिल्यांदा जाम झाले, तेव्हा मी सगळा दोष कार्बोरेटरच्या जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याला, दिला होता. त्याआधी मी मूळ सायलेन्सर काढून फुगीर पोटाचा, शर्यतीच्या धाटणीचा एक्झॉस्ट बसवला होता आणि २०/२० च्या जागी डेलओर्टोचा मोठ्या तोंडाचा २४/२४ कार्बोरेटर चढवला होता. गाडी खरोखरच पळू लागली. मग एका लांब चढावर, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना, मागून कोणी हलकेच धरून ठेवावे तशी ती मंदावली आणि मी क्लच दाबेपर्यंत मागचे चाक क्षणभर अडकले. सिलिंडर उतरवल्यावर पिस्टनच्या एक्झॉस्टकडील बाजूवर उभे ओरखडे दिसले. सिलिंडरच्या भिंतीला ॲल्युमिनियमचा राखाडी लेप चिकटला होता.

बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवला आणि मोठा जेट घातला की काम झाले, असे मला वाटत होते. सुदैवाने जोडणी झाल्यावर गाडी सुरू करण्याआधी मी दाबाची चाचणी घेतली. कार्बोरेटरची वाट आणि एक्झॉस्टचे तोंड रबरी पट्टी व पत्र्याने घट्ट बंद करून प्लगच्या भोकातून हातपंपाने सुमारे ०.४ बार दाब भरला. हा दाब काही मिनिटे टिकायला हवा; माझ्या गेजचा काटा मात्र डोळ्यांदेखत खाली येत होता. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचे चुंबकी चाक) काढून क्रँकच्या ऑइल सीलभोवती, म्हणजे हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कडीभोवती, साबणाचे पाणी सोडले, तेव्हा सीलच्या ओठाशी बारीक बुडबुड्यांची माळच उमटली. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जी पोकळी निर्माण होते, ती या फटीतून प्रत्येक फेरीला जादा हवा ओढत होती, आणि ही हवा कोणत्याही जेटच्या हिशोबात येत नव्हती; मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन तापत होता. क्लचकडचे सील गळाले असते तर गिअरचे तेल आत जाऊन पांढरा धूर तरी दिसला असता; मॅग्नेटकडची गळती तशी कोणतीच चाहूल देत नाही.

दोन्ही सील बदलल्यावर मी ठरवले की यापुढे मोजल्याशिवाय कशालाही कानस लावायची नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या, उघडण्याचे आणि मिटण्याचे काम पिस्टनचा वरचा काठच करतो, त्यामुळे पोर्टची उंची हीच त्याची वेळ असते. क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावली. पिस्टनचे सर्वोच्च स्थान डोळ्यांनी ठरवता येत नाही, कारण तिथे क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. म्हणून प्लगच्या भोकात अडवणारा स्क्रू बसवून दोन्ही दिशांनी क्रँक टेकवला आणि दोन वाचनांचा मध्य धरला. माझ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट १६० अंश आणि ताजे मिश्रण आत सोडणारा ट्रान्स्फर पोर्ट ११२ अंश उघडे राहत होते. या दोहोंतील फरकाच्या निम्मे, म्हणजे २४ अंश, हा ब्लोडाउन. ताजे मिश्रण आत येण्याआधी जळलेल्या वायूला बाहेर पडायला मिळणारा अवधी.

सिलिंडरखाली दीड मिलिमीटर जाडीचे पॅकिंग घातले की दोन्ही पोर्ट एकदम वर सरकतात, पण सारखे सरकत नाहीत, हे मला कागदावर आकडेमोड करेपर्यंत उमगले नव्हते. ट्रान्स्फर उघडतो त्या सुमारास पिस्टनचा वेग मंदावलेला असतो, म्हणून तेवढ्याच उंचीत त्याला अधिक अंश मिळतात: ट्रान्स्फर १२० झाला, एक्झॉस्ट मात्र १६६. ब्लोडाउन वाढण्याऐवजी २३ वर आला. त्यामुळे एक्झॉस्टची वरची कड आणखी सुमारे दीड मिलिमीटर कोरून मी तो १७२ वर नेला. रुंदीला हात लावण्याचा मोह होता, पण खिडकी फार रुंद झाली की रिंग तिच्यात फुगून अडकते. म्हणून रुंदी तशीच ठेवली आणि सगळ्या कडा बारीक पॉलिशपेपरने गोलसर केल्या. या कडांवर मी कोरण्यापेक्षा जास्त वेळ घालवला. क्रँकच्या चाकाने मिश्रणाची वाट उघडझाप करणारी घासपट्टी या इंजिनात फार नाजूक असते, तिच्याकडे मी फिरकलोही नाही.

सिलिंडर उचलल्याने हेड आणि पिस्टन यांमधील स्क्विशची फट मूळच्या १.९ वरून ३.४ मिलिमीटर झाली. लेथवर सिलिंडरचा माथा १.५ आणि हेड ०.६ मिलिमीटर उतरवून ती १.३ वर आणली. फट मोजण्यासाठी कथिलाच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनपिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ग्रीसने चिकटवायचे, क्रँक एकदा हाताने फिरवायचा आणि चपटलेली टोके मोजायची. तार पिनशी काटकोनात ठेवली तर पिस्टन कलतो आणि माप फसवे येते. दाब वाढल्यामुळे ठिणगीची वेळ २१ अंशांवरून १८ वर आणली, म्हणजेच स्टेटर (मॅग्नेटखालची कॉइलची स्थिर तबकडी) मॅग्नेटच्या फिरण्याच्या दिशेने किंचित सरकवला. प्लगही बी७एचएसऐवजी अधिक थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बी८एचएस घेतला.

जेटच्या बाबतीत मी मुद्दाम १२५ या मोठ्या, जादा पेट्रोल सोडणाऱ्या मापापासून सुरुवात केली, गाडी वरच्या वेगात अडखळत चालली तरी चालेल म्हणून. पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर जाऊन क्लच दाबायचा, त्याच क्षणी इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा, असे करत ११८ वर थांबलो. एक चूक मात्र करता करता राहिली: नवा पिस्टन रुळेपर्यंत पेट्रोलमध्ये तेल २ ऐवजी ४ टक्के घालण्याचा सल्ला मिळाला होता, पण तेल वाढले की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण उलट कोरडे होते. मी अडीचवर समाधान मानले.

त्या एक्झॉस्टच्या फुगीर पोटाचा इतिहास रंजक आहे. त्याचे शास्त्र १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी बसवले, आणि १९६१ मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पळून गेल्यावर ती विद्या सुझुकीकडे पोहोचली. पसरत्या शंकूतून परतणारी लाट जळलेला वायू ओढून घेते, निमुळत्या शंकूतून परतणारी लाट बाहेर निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हे जमते ते वेगाच्या एका मर्यादित पट्ट्यातच. तिसऱ्यातून चौथ्या गिअरमध्ये जाताना माझी गाडी या पट्ट्याच्या काठावरून खाली घसरते, त्यामुळे तिसरा गिअर आता मी पूर्वीपेक्षा बराच लांबवतो. एक्झॉस्ट १७२ च्या पुढे नेला नाही तेही याच कारणाने.

हजारेक किलोमीटर झाल्यावर सिलिंडर पुन्हा उतरवला. पिस्टनवर यंत्रावर उमटलेल्या मूळ रेषा अजून शाबूत होत्या. परत जोडताना पुन्हा ०.४ बार दाब भरला आणि दहा मिनिटे गेजसमोर बसून राहिलो. काटा हलला नाही.