तुम्ही विचारलंत म्हणून : फार्मासिस्ट जेवायला गेल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी माझे मेडिकल आहे. डी. फार्म. म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या अभ्यासक्रमातील 500 तासांचे प्रशिक्षण पूर्ण करण्यासाठी मुले-मुली माझ्याकडे येतात, आणि आसपासच्या दुकानांत मदतनीस म्हणून काम करणारी बारावी झालेली पोरेही भेटत असतात. या सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच असतो : “भाऊ, तुम्ही जेवायला गेल्यावर आम्ही गोळी देल्ली तं काय बिघडते? गोळी तं तेच राह्यते ना.”

कायद्याचे उत्तर थोडक्यात देता येते. फार्मसी कायदा, 1948 च्या कलम 42 प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून किंवा काढून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचा आहे. स्वतःच्याच रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरला तेवढी सूट आहे. औषध नियम, 1945 मधील नियम 65 हीच गोष्ट परवान्याची अट म्हणून सांगतो, की चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे. म्हणजे मदतनिसाने फळीवरून पट्टी काढणे, माल लावणे, मुदत संपलेली औषधे वेगळी काढणे, बिल करणे यांत वावगे काही नाही. परंतु चिठ्ठी वाचून ‘हेच ते औषध, इतकेच आणि असेच घ्यायचे’ हा निर्णय त्याचा नाही. अमेरिकेत ‘फार्मसी टेक्निशियन’ हे स्वतंत्र पद आहे आणि बहुतेक राज्यांत त्याची नोंदणी किंवा परवानाही असतो, तरी तिथेही रुग्णाला औषधाविषयी सल्ला देण्याचे काम फार्मासिस्टकडेच राहते. आपल्या फार्मसी कायद्यात या मधल्या माणसासाठी वेगळी नोंदवही नाही. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर दिवसभर दुसराच, ही व्यवस्था आपल्याकडे किती मुरली आहे हे मी सांगायला नको. पण चौकटीतला कागद देखरेख करीत नसतो.

आता ‘गोळी तीच राहते’ याविषयी, कारण खरा मुद्दा तिथे आहे. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी घ्यायची असते. तीच गोळी, त्याच पट्टीतली, कोणी रोज एक याप्रमाणे घेतली तर रक्तपेशींची निर्मिती खालावते, तोंडात फोड येतात, आणि माणूस दगावूही शकतो. काउंटरवरच्या पोराने पट्टी अगदी बरोबर काढून दिली आणि बाकीच्या गोळ्यांबरोबर सवयीने “रोज एक, जेवल्यावर” असे सांगितले, तर औषध बरोबर असूनही ते विष ठरले. फार्मासिस्ट पट्टीपेक्षा या सांगण्यासाठी लागतो. सोयाबीनच्या कापणीत किंवा कापसाच्या वेचणीत अंग मोडून आलेला मजूर ‘अंगदुखीचा डोस’ मागतो, तेव्हाही हेच घडते. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जोडीला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची बारीक गोळी पुडीत बांधून देणारे लोक आहेत, आणि दुसऱ्या दिवशी माणूस ताजातवाना होऊन कामाला जात असल्याने तो पुन्हा तोच डोस मागायला येतो. ही दोन्ही औषधे औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देण्याची. त्या मजुराला साखरेचा आजार आहे का, पोटात व्रण आहे का, मूत्रपिंड अधू आहे का, हे पुडी बांधणाऱ्याने विचारलेलेच नसते.

याउलट, लोकसंख्या 1000 पेक्षा अधिक नसलेल्या गावात पॅरासिटामॉल, वेदनाशामक बाम, एरंडेल तेल, पट्टी-कापूस अशा काही घरगुती वस्तू मूळ बंद वेष्टनात विनापरवाना विकण्याची मुभा अनुसूची ‘के’ देते. कायदा करणाऱ्यांना खेडे माहीत नव्हते, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा.

एका नियमाशी मात्र माझे मनापासून पटत नाही. अनुसूची ‘एच’मधील औषध चिठ्ठीवर असेल तर त्याऐवजी दुसरे औषध देता येत नाही, मग त्यातले द्रव्य तेच का असेना. संध्याकाळची शेवटची एसटी निघून गेलेली आहे, तालुक्याचे ठिकाण दूर आहे, आणि माझ्याकडे तेच द्रव्य, त्याच मात्रेत, दुसऱ्या कंपनीचे पडलेले आहे, अशा वेळी हा नियम जाचतो. तो बदलावा असे मला वाटते. बदलेपर्यंत डॉक्टरांशी बोलून चिठ्ठी दुरुस्त करून घेणे हाच मार्ग आहे, आणि तो मदतनिसाने परस्पर शोधायचा नाही.

अनुसूची ‘एच-1’ ही 1 मार्च 2014 पासून लागू झाली. सेफिक्झिम हे प्रतिजैविक, चिंतेवरची अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, क्षयरोगावरची रिफाम्पिसिन अशी औषधे तिच्यात आहेत. ती देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची नोंद वेगळ्या वहीत करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. ही वही महिनाअखेरीस एकदम भरून काढण्याची वस्तू नव्हे. मालकाने तसे करायला सांगितले तर? काही हजार रुपये पगारावरच्या पोराने मालकाला ‘नाही’ म्हणावे, ही अपेक्षा मी सहज ठेवत नाही. परवाना मालकाच्या नावावर असतो आणि लाजही त्यालाच वाटली पाहिजे. तरी न झालेल्या विक्रीपुढे आपल्या हाताने नाव लिहू नये, एवढे मी प्रत्येकाला सांगतो.

वहीतले नाव वहीतच राहावे, हेही आलेच. शहरात गिऱ्हाईक अनोळखी असते; आपल्याकडे रिफाम्पिसिन कोणाच्या घरी गेली, गर्भचाचणीची पट्टी कोणाच्या मुलीने नेली, हे पानटपरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही आणि त्यावर सोयरिकी मोडतात. क्षयाच्या रुग्णाची माहिती औषध विक्रेत्याने शासनाला कळवणे 2018 पासून बंधनकारक आहे. शासनाला कळवायचे, शेजाऱ्याला नाही. बाजाराच्या दिवशी काउंटरवर गर्दी असली की औषधाचे किंवा आजाराचे नाव मोठ्याने उच्चारू नये, चिठ्ठीवर बोट ठेवून विचारावे.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही अनुसूचीत लिहिलेली नाही. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. असा माणूस अनेकदा आधी मेडिकलवरच येतो आणि डोके दुखते, मळमळते, एवढेच सांगून गोळी मागतो. फवारणीच्या दिवसांत अशा गिऱ्हाइकाला ‘आज फवारा मारला का?’ हे विचारणे मदतनिसाला जमते, त्याला पदविका लागत नाही. उत्तर होकारार्थी असेल, घाम आणि लाळ सुटलेली असेल, डोळ्यांपुढे अंधुक दिसत असेल, तर उलटीची गोळी देऊन घरी पाठवू नये. फार्मासिस्टची वाट न पाहता 108 ला फोन करावा, भिजलेले कपडे काढायला लावून अंग साबणपाण्याने धुवायला सांगावे, आणि कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरचे लेबल रुग्णासोबत दवाखान्यात पाठवावे, कारण कोणता उतारा द्यायचा हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.