अण्णांच्या हिरड्यांतून न आलेले रक्त

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, जवळजवळ ४० वर्षे विडी ओढली. दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून कधी रक्त आल्याचे घरात कोणालाच आठवत नाही, त्यामुळे त्यांच्या हिरड्या घट्ट आहेत असाच आमचा समज होता. गेल्या वर्षी पेरूला चावा घेताना त्यांचा खालचा पुढचा दात हलला, आणि तो समज किती चुकीचा होता हे कळले.

दंतवैद्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद सरकवली. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर जाते. अण्णांच्या त्या दाताशी ती ७ मिलिमीटर आत गेली, तरीही त्यांना फारसे दुखले नाही. एक्स-रेमध्ये दाताला धरून ठेवणारे हाड बरेच झिजलेले दिसत होते. धूम्रपानामुळे हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण कमी होते, म्हणजे आत पायरिया वाढत असतानाही त्याची पहिली खूण झाकलेलीच राहते, हे मला त्या दिवशी प्रथमच समजले. अशा माणसाने रक्ताची वाट न पाहता दात लांब दिसू लागणे, दोन दातांमध्ये नवी फट पडणे, पूर्वी अडकत नसे तिथे घास अडकणे किंवा चूळ भरूनही तोंडाची दुर्गंधी न जाणे, याकडे लक्ष द्यायला हवे. मधुमेह असेल तर अधिकच, कारण त्यात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हा आजार साखरही आटोक्यात राहू देत नाही.

माझी स्वतःची चूक याच्या उलट होती. ब्रशवर गुलाबी फेस दिसू लागल्यावर मी त्या बाजूला ब्रश फिरवणेच टाळले, आणि तिथे साचलेल्या चिकट थराचे किटण झाले. या टप्प्यावर फक्त हिरडी सुजलेली असते, हाड शाबूत असते, आणि दात नीट साफ करून घेतल्यास सूज पूर्ण उतरते. साफ केल्याने दात खिळखिळे होतात, हे मी कितीतरी जणांकडून ऐकले आहे. वास्तविक किटणाने भरलेली फट मोकळी झाल्यामुळे तसे वाटते. दात सैल केलेले असतात ते त्या किटणाखालच्या आजाराने. झिजलेले हाड मात्र सहसा आपोआप भरून येत नाही, म्हणून अण्णांचा तो दात काढावाच लागला.

विडी सोडल्यावर काही आठवड्यांनी अण्णांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि ते घाबरले. "काका, आता हिरड्यांचा रक्तपुरवठा सुधारतो आहे, ब्रश थांबवू नका," असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून सकाळी चूळ भरली की अण्णा चश्मा लावून बेसिनमध्ये वाकून पाहतात, आणि थुंकीचा रंग कसा होता ते मला सांगतात.