पलूसच्या पट्ट्या गेल्या कुठे?

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांची हळदीची अडत आहे. यंदा पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्याला विकलेल्या मालाच्या हिशोबाचा जो कागद देतो त्यांचा, हिशोब मी नोडमध्ये (जावास्क्रिप्टमधले प्रोग्रॅम ब्राउझरबाहेर चालवणारी प्रणाली) बसवला. साठवायला लेव्हलडीबी ही डेटाबेस घेतली, कारण तिला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळं एका फोल्डरात राहतं. प्रत्येक नोंद जिच्यावरून सापडते ती ‘की’ ठेवली गाव, आडनाव, वक्कल (विक्रीला लावलेला मालाचा ढीग) नंबर अशी, मध्ये उद्गारचिन्ह: ‘पलूस!शिंदे!००४२’. लेव्हलडीबीत कीज कायम क्रमानं लागलेल्या असतात, म्हणून एका गावाच्या नोंदी तेवढ्या स्ट्रीमनं, म्हणजे एकेक करत, वाचता येतात. दुकानातल्या जुन्या मशीनच्या मेमरीत सगळा हंगाम ओतायची गरज नाही.

लिहिणं-वाचणं एका दुपारीत जमलं. घोडं अडलं ते रेंजपाशी, म्हणजे कुठून कुठपर्यंतच्या कीज वाचायच्या ते सांगण्यापाशी.

पलूससाठी खालची हद्द दिली ‘पलूस!’ आणि वरची ‘पलूस!~’. उदाहरणांमध्ये बहुधा हेच चिन्ह असतं, कारण ते इंग्रजी अक्षरांच्या पुढं येतं. चाचणीला मी गावं-नावं इंग्रजीत टाकली होती, तेव्हा सगळं नीट चाललं. मग खऱ्या नोंदी मराठीत भरल्या आणि स्ट्रीम सुरू होताच संपली. एरर नाही, इशारा नाही, नोंद आल्याची ‘डेटा’ ही सूचना एकदाही नाही, थेट संपल्याची ‘एंड’. मामा मागून विचारतायत, "अगं, पलूसचा माणूस सकाळपासून बसलाय, पट्टी निघतीय का नाही?" शेवटी त्यांनी हातानंच लिहून दिली. मला फार लागलं ते.

दोन रात्री गेल्या. हद्द काढली की पलूस दिसायचं, घातली की गायब. लिहिणं पूर्ण व्हायच्या आधीच वाचतेय का, हे तपासलं. त्या सूचना ऐकणारा लिसनर उशिरा लागतोय का, तेही पाहिलं. एररच नसेल तर माणसानं शोधायचं कुठं? शेवटी कीचे बाइट छापले आणि उलगडलं. लेव्हलडीबी अक्षरं बघत नाही, बाइट बघते. ‘~’ म्हणजे १२६. ‘शिंदे’तला ‘श’ यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट करायची पद्धत) २२४, १६४, १८२. देवनागरीचं प्रत्येक अक्षर २२४ नंच सुरू होतं, म्हणजे माझे सगळे शेतकरी हद्दीच्या बाहेर!

मग ‘~’ च्या जागी ‘\u00ff’ हे अक्षर टाकून पाहिलं, तरी शून्य. ते २५५ आहे असं वाटतं, पण स्ट्रिंग म्हणून लिहिलं की त्याचे बाइट १९५ आणि १९१ होतात. ‘\uffff’ चालतं, ते २३९ नं सुरू होतं. मी मात्र वरची हद्द ‘पलूस"’ अशी ठेवली, तीही ‘पेक्षा लहान’ या अटीनं. उद्गारचिन्ह ३३, दुहेरी अवतरण ३४. मध्ये कुठल्याही लिपीतलं नाव येवो, सुटत नाही. हे जुळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी मामींना उठवून दाखवलं.

वक्कल नंबरला पुढं शून्यं लावा, हे आधीच सांगायला हवं होतं. नाहीतर १० हा २ च्या आधी येतो.

आणि चाचणी पहिल्या दिवसापासून मराठी नावांवरच करा.

नव्या आवृत्त्यांत डेटाबेसवरची रीड स्ट्रीम काढून टाकली आहे. तिच्यासाठी वेगळं पॅकेज घ्यावं लागतं, किंवा सरळ इटरेटरवर (एकामागून एक नोंद हाती देणारा) ‘फॉर अवेट’ हे लूप चालवायचं. मला दुसरं सोपं गेलं, प्रिंटर मागे पडला तर वाचणंही आपोआप थांबतं. वाचन सुरू झाल्यावर भरलेली वक्कल त्या फेरीत येत नाही, तेव्हा सौदा आटोपल्यावरच यादी काढा.

एक गोष्ट अजून खटकते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ च्या मध्ये आहे, आपल्याकडे तो ‘ह’ नंतर. म्हणून काळे यादीत कासारांच्या आधी येतात. मामांना वहीतल्यासारखा क्रम हवा असतो, त्यामुळे गावापुरती यादी वाचून झाल्यावर ती मी मराठीच्या क्रमानं पुन्हा लावते.